फी माफ झाली, पण पुण्यात राहायचे कसे?

शिरूर-दौंडची आपली मुले पदवीधर होतात. पुढे एम.ए., एम.कॉम.ला अनेकांना पुणे गाठावे लागते. दौंडला रेल्वे तरी आहे, शिरूरकरांना एस.टी.च. रोजची ये-जा झेपत नाही, खोली परवडत नाही. मुलांचे अर्ज भरताना आम्ही पाहतो, शिक्षण सुटते ते इथेच. मुलींचे तर आधी.

फीचा भार मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती उचलते. राहण्या-जेवणासाठी 2016-17 मध्ये राज्याने डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना सुरू केली. शासकीय वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी ती आहे. पुण्यासाठी वर्षाला 60 हजार रुपये ठरले: भोजन 32, निवास 20, निर्वाह 8 हजार. म्हणून वसतिगृहाचा अर्ज आधी भरा. जातीचा आणि उत्पन्नाचा दाखला निकालापूर्वीच काढून ठेवा.

हप्ता उशिरा येतो. तोवरचे भाडे भिशीतून, लग्न-बारशाचा खर्च आवरून उभे करा.

1913 मध्ये बाबासाहेब अमेरिकेला गेले, ते बडोदे सरकारच्या दरमहा साडेअकरा पौंडांवर. विद्वानालाही दोन वेळचे जेवण लागते. बंधूंनो, भगिनींनो, भाड्यापायी लेकीचे वर्ष बुडू देऊ नका!