रंजका घालण्यापूर्वीं

मराठवाड्यांत ओल्या लाल मिरच्यांचा रंजका पुष्कळ घरीं घालतात. बरणी लवकर नासली, कीं दोष मिठाला दिला जातो. परंतु खरा अपराधी बहुधा पाणी असतें.

मिरच्या ताठ व टवटवीत निवडाव्या. डागाळलेली एकहि घेऊं नये. त्या देंठासकट धुवाव्या. देंठ आधीं काढल्यास पाणी आंत शिरतें व पुसून निघत नाहीं. मग फडक्यावर पसरून सावलींत रात्रभर सुकवाव्या आणि नंतरच देंठ काढावे. खल, सुरी, बरणी हींहि कोरडीं असावीं. किलोभर मिरच्यांस सुमारें 150 ग्रॅम मीठ घालून त्या जाडसर कुटाव्या आणि लिंबाचा रस घालावा. मीठ व आंबटपणा ह्यांमुळें नासविणाऱ्या जंतूंची वाढ खुंटते. मेथीची पूड व हिंगाची फोडणी घालावयाची ती पूर्ण निवल्यावर.

तिखटपणा बियांत असतो, ही समजूत चुकीची आहे. बिया ज्या पांढऱ्या गराला चिकटलेल्या असतात, त्यांत तो मुख्यतः असतो. सौम्य रंजका हवा असल्यास तो गर काढावा. तिखटपणाचें द्रव्य पाण्यांत फारसें विरघळत नाहीं, तेलांत विरघळतें. म्हणून काम संपतांच हातांना प्रथम तेल चोळावें, मग साबण लावावा. आणि तोंवर डोळ्यांस हात लावूं नये, कीं लहान मुलास उचलून घेऊं नये.