छोटा कळफलक निवडताना

बँकेतील सदतीस वर्षांच्या सेवेत माझ्या बोटांनी किती आकडे उमटवले असतील, याची गणती मी कधी केली नाही. निवृत्तीनंतर मात्र बोटांनी स्वतःच तो हिशेब मांडला. उजव्या अंगठ्याचे मूळ आणि तर्जनीचे पेर सकाळी आखडू लागले. डॉक्टरांनी वयोमानाप्रमाणे होणारी सांध्यांची झीज असे निदान केले, काही व्यायाम शिकवले आणि टंकलेखन बेताने करण्याचा सल्ला दिला. नेमके याच दिवसांत ते बेताने करणे मला शक्य नव्हते.

माझ्या मातोश्री एकोणनव्वद वर्षांच्या आहेत. दृष्टी मंदावल्यामुळे त्यांचे लिहिणे थांबले. स्मरणशक्ती मात्र तल्लख आहे. सूर्यास्तापूर्वी जेवण आटोपले की ओसरीवर बसून आई सांगते आणि मी लिहून घेतो. लग्न होऊन शहापुरात आली तेव्हाचे घर, वैनगंगेचे पूर, धानाची सुगी, भंडाऱ्याहून आणलेली पितळी भांडी, गेलेल्या माणसांचे स्वभाव. सांगितलेला मजकूर मी मोठ्या ठशात छापून देतो. आई भिंग धरून तो वाचते आणि चुका दाखवते. हे काम पुढे ढकलण्याजोगे नाही, हे आम्ही दोघेही जाणतो; बोलत मात्र नाही.

लॅपटॉपच्या चपट्या कळांवर बोट थेट तळाशी आदळते. तासाभराने हात दुखू लागे. नागपूरला असणारा पुतण्या म्हणाला, "काका, एकदा मेकॅनिकल कीबोर्ड वापरून पाहा. छोटा घ्या, टेबलावर जागाही उरेल." त्या एका वाक्यापासून जो अभ्यास झाला, तो वाचकांच्या उपयोगी पडावा म्हणून हा लेख.

आमच्या पिढीला कळ दाबल्याची जाणीव नवी नाही. तरुणपणी टंकलेखन संस्थेत मराठी मिनिटाला तीस शब्दांच्या परीक्षेसाठी आम्ही यंत्रावर हात चालवला आहे. गोदरेजने १९५५ मध्ये भारतीय बनावटीचा टाइपरायटर बाजारात आणला आणि पुढे कितीतरी कचेऱ्यांत तीच यंत्रे खडखडत राहिली. बँकांत १९८३ च्या करारानंतर यांत्रिकीकरणाला वाट मिळाली आणि खातेवहीच्या जागी लेजर पोस्टिंगची यंत्रे आली. पुढे अनेक काउंटरांवर टीव्हीएस गोल्ड हा भक्कम कीबोर्ड दिसू लागला. त्याचा टकटक आवाज कित्येक ग्राहकांच्या कानांत अजून असेल. तो मेकॅनिकलच होता, हे मला निवृत्तीनंतर समजले!

साध्या कीबोर्डमध्ये सर्व कळांखाली रबराचा एक पातळ थर असतो. त्यावरील घुमटी पूर्ण दबली की अक्षर उमटते; म्हणून बोटाला तळ गाठावाच लागतो. मेकॅनिकल कीबोर्डमध्ये प्रत्येक कळेखाली स्वतंत्र स्विच असतो. त्यात एक दांडी, एक स्प्रिंग आणि धातूच्या दोन पट्ट्या असतात. कळ साधारण ४ मिलिमीटर खाली जाते; परंतु सुमारे २ मिलिमीटरवरच पट्ट्या जुळतात आणि अक्षर उमटते. अर्ध्या वाटेवरून बोट परत उचलण्याची सवय लागली की आदळणे कमी होते. ही सवय लागायला मला तीन आठवडे लागले.

स्विच रंगांवरून ओळखले जातात. ही रंगांची परिभाषा जर्मनीच्या चेरी कंपनीने रूढ केली आणि आता इतर अनेक उत्पादकही साधारण तीच पाळतात. लाल स्विच सरळ खाली जातो, त्याला सुमारे ४५ ग्रॅम भार पुरतो. तपकिरी स्विचमध्ये वाटेत हलकासा उंचवटा जाणवतो आणि भार सुमारे ५५ ग्रॅम लागतो. निळ्या स्विचमध्ये उंचवट्याबरोबर स्पष्ट 'टक्' आवाज येतो आणि भार सुमारे ६० ग्रॅम असतो. यांतील कोणताही एक सर्वांसाठी उत्तम नाही. बोटे दुखणाऱ्याने हलका स्विच पाहावा. परंतु ज्याची बोटे कळांवर विसावतात, त्याच्याकडून फार हलक्या कळा नकळत दाबल्या जातात.

आता आकाराविषयी. पूर्ण कीबोर्डवर १०४ कळा असतात. उजवीकडचा अंकसंच वगळला की ८७ उरतात. कळा अधिक दाटीने बसवल्या की ८४ च्या आसपास, त्याहून छोट्यात ६८ च्या आसपास आणि ६१ असे प्रकार येतात. अंकसंच गेल्याने माउस जवळ येतो आणि उजवा खांदा ताणला जात नाही, हा छोट्या आकाराचा खरा लाभ आहे. जे संस्थेचे किंवा दुकानाचे हिशेब लिहितात, त्यांना अंकसंचाची उणीव भासेल. त्यांनी सुटा अंकसंच घ्यावा. काम नसेल तेव्हा तो खणात ठेवता येतो.

मराठी लिहिणाऱ्याने मात्र आणखी एक कसोटी लावली पाहिजे. केंद्र शासनाच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने १९८६ मध्ये पुढे आणलेल्या इनस्क्रिप्ट रचनेत स्वर डाव्या हाताला आणि व्यंजने उजव्या हाताला येतात. भारतीय लिप्यांसाठी तिचा आराखडा एकच असल्याने मराठी शिकलेले बोट गुजराती अक्षरेही त्याच जागी शोधते. ज्यांच्या घरी दोन्ही भाषा नांदतात, त्यांच्यासाठी ही मोठीच सोय आहे. परंतु या रचनेत इंग्रजी विरामचिन्हांच्या कळाही अक्षरांना दिलेल्या आहेत. अर्धविरामाच्या कळेवर 'च', चौकोनी कंसाच्या कळेवर 'ड' आणि तिरप्या रेघेच्या कळेवर 'य' आहे. 'ज्ञ', 'त्र', 'क्ष' आणि 'श्र' हे शिफ्टसह ५ ते ८ या अंकांवर आहेत. म्हणून अंकांची ओळच नसलेला अतिलघू कीबोर्ड मराठीसाठी निरुपयोगी समजावा. काही छोट्या कीबोर्डांत तिरप्या रेघेची कळ बाणाच्या कळेशी वाटून घेतलेली असते. इंग्रजी लिहिणाऱ्याला ते खटकत नाही, आपला मात्र 'य' अडतो. दुकानात 'दुसऱ्याच्या' हा शब्द लिहून पाहावा. शिफ्टसह 'जे' दाबल्यावर 'ऱ', 'डी'वर हलन्त आणि मग 'य'. एवढे सहज जमले तर पुष्कळसे जमले. उजव्या बाजूची ऑल्ट कळ आहे ना, हेही पाहावे. विंडोजमध्ये भारतीय इंग्रजी रचना निवडली असता त्या कळेसह ४ दाबल्यावर रुपयाचे चिन्ह मिळते.

हे सारे शहाणपण मला आधी नव्हते. मी घरबसल्या ६१ कळांचा, निळ्या स्विचचा कीबोर्ड मागवला. बाणाच्या कळा नसल्यामुळे प्रत्येक दुरुस्तीला दोन कळा एकत्र दाबाव्या लागत. दुखऱ्या अंगठ्याला ती शिक्षाच होती. दुसरा दोष पहिल्याच संध्याकाळी कळला. आई पाच मिनिटे बोलली आणि थांबली. म्हणाली, "अरे, तुझ्या यंत्राचा आवाज माझ्याहून मोठा आहे. मला माझेच बोलणे ऐकू येत नाही." मी कळांचे गुण तपासले होते, ज्या ओसरीवर त्या वाजणार होत्या, तिचा विचार केला नव्हता. तो कीबोर्ड पुतण्याकडे गेला.

दुसऱ्या वेळी मी नागपूरला दुकानात जाऊन तीन प्रकार प्रत्यक्ष दाबून पाहिले. लाल स्विच सर्वांत शांत वाटला आणि बोटांनाही हलका. त्याचीच निवड जवळजवळ झाली होती. परंतु कळ केव्हा लागली हे मला समजेना आणि मी पुन्हा तळ गाठू लागलो. शेवटी ८४ कळांचा, तपकिरी स्विचचा, तारेचा कीबोर्ड साडेतीन हजार रुपयांना घेतला. तारेचा अशासाठी की बॅटरी उतरण्याची चिंता नको. स्विच उपसून बदलता येतात, त्यामुळे एक कळ बिघडली म्हणून अख्खा कीबोर्ड टाकावा लागणार नाही. कळांच्या टोप्या पीबीटी प्लॅस्टिकच्या आहेत. त्या घासून लवकर तुळतुळीत होत नाहीत. हे कीबोर्ड उंच असतात. म्हणून मागचे पाय मिटूनच ठेवावेत आणि मनगट सरळ राहील अशी खुर्ची किंवा टेबल असावे. आपल्याकडील उन्हाळ्याची धूळ लक्षात घेऊन काम संपताच वर स्वच्छ फडके टाकावे. एक गोष्ट स्पष्ट सांगतो : कीबोर्ड हे औषध नव्हे. माझे दुखणे गेलेले नाही. पूर्वी तासाभरात हात थांबत असे, आता मधे विश्रांती घेऊन दोन तास काम होते, इतकेच.

तपकिरी कळांचा एक लाभ दुकानदाराने सांगितला नव्हता. त्यांचा आवाज मंद असला तरी ओसरीवर ऐकू येतो. आईला पडद्यावरचे दिसत नाही. ती एक वाक्य सांगते आणि कळांचा आवाज थांबेपर्यंत गप्प बसते. आवाज थांबला की तिला समजते, लेकाचे लिहून झाले. मग ती पुढचे वाक्य सांगते. परवा मी मधेच डोळे पुसायला थांबलो, तर तिने पुढचे वाक्य सुरू केले. ते मला पुन्हा विचारून घ्यावे लागले. आजवर एकशे बारा पाने झाली आहेत.