उभ्या धानाखालचे पाणी रडारला दिसते, पण…



२०२० च्या ऑगस्टअखेर आलेला पूर वैनगंगाकाठच्या घरांना विसरता यायचा नाही. एकीकडे मुसळधार पाऊस, दुसरीकडे मध्य प्रदेशातील सिवनी जिल्ह्यातल्या संजय सरोवराचे सोडलेले पाणी. नदी पात्राबाहेर पडली आणि काठच्या बांध्या बुडाल्या. अशा पुरानंतर वाद होतो तो एकाच गोष्टीवर. पाणी नेमके कोठवर आले होते? नदीला लागून गाळ पडतो, तेथे कोणी शंका घेत नाही. पण नाल्याला तुंब येऊन आतल्या खोलगट बांध्यांत शिरलेले पाणी उभ्या धानाच्या बुडाशी दडून राहते. धुऱ्यावरून पाहणाऱ्याला शेत हिरवेगार दिसते.

हे दडलेले पाणी शोधण्याची एक रीत आता शास्त्रज्ञांच्या हाती आहे. विमानाच्या पोटाशी रडार बसवतात. साध्या कॅमेऱ्याला उजेड लागतो आणि ढग आडवे आले की तो आंधळा होतो. रडार स्वतःच लहरी सोडते आणि परत आलेल्या लहरींवरून चित्र तयार करते. त्यामुळे त्याला रात्र चालते, आणि आपल्या श्रावणातले ढगही चालतात.

उघडे, संथ पाणी आरशासारखे असते. तिरप्या आलेल्या लहरी ते पुढे ढकलून देते, परत काहीच येत नाही, म्हणून तलाव चित्रात काळा दिसतो. झाडाखालचे पाणी मात्र उलट वागते. सुमारे चोवीस सेंटिमीटर लांबीच्या लहरी पानांतून खाली उतरतात, पाण्यावर आपटतात, तेथून बुंध्यावर आपटतात आणि सरळ विमानाकडे परततात. त्यामुळे पाण्यात उभे असलेले जंगल कोरड्या जंगलापेक्षा अधिक उजळ दिसते. पाच-सहा सेंटिमीटरच्या आखूड लहरी दाट पानांतच अडकतात. घनदाट रानात त्यांचा फारसा उपयोग नाही.

बांगलादेशातील सुंदरबनात दाट झाडीखाली आलेले पाणी १९८४ साली अंतराळयानातील रडारने असेच टिपले होते. २०१८ च्या सप्टेंबरात अमेरिकेच्या कॅरोलिना भागात फ्लॉरेन्स वादळाचा पूर आला, तेव्हा नासाने रडारचे विमान उडवून झाडीखालचे पाणी पाहिले. आपल्याकडे इस्रो आणि नासा यांचा निसार उपग्रह ३० जुलै २०२५ रोजी श्रीहरिकोट्याहून सुटला. त्यावर लांब लहरींचे रडार आहे. उपग्रह ठरल्या वाटेने फिरतो. निसारची तीच फेरी बारा दिवसांनी येते, आणि आपला पूर तर दोन-तीन दिवसांत ओसरतो. विमान हवे तेव्हा उडवता येते, हा त्याचा मोठा फायदा. खर्च अर्थातच भारी, म्हणून प्रत्येक नाल्याच्या पुराला विमान येईल अशी आशा धरू नका.

आता आपल्या धानाचे बघू, कारण खरी अडचण येथेच आहे. जंगलात पाणी दिसले म्हणजे पूर. धानाच्या बांधीत तर आपणच पाणी साठवतो! रोवणीनंतर बांधी काळी दिसते, फुटवे वाढले की उजळते. पीक शेंड्यापर्यंत बुडाले तर ती पुन्हा काळी पडते, आणि पुराआधीचे चित्र शेजारी ठेवले तर हा बदल ओळखता येतो. पण पाणी अर्ध्या चुडापर्यंत असले तर ते ओलिताचे की पुराचे, हे एकटे चित्र सांगू शकत नाही. पीक किती दिवस बुडून होते, हेही एका उड्डाणातून कळत नाही. नुकसान तर दिवसांवरच ठरते. शिवाय आपल्या बांध्या लहान. चित्राचा एक ठिपका सुमारे दहा मीटरचा असला, तर चिंचोळी बांधी त्यात हरवून जाते.

हा नुसता शास्त्राचा प्रश्न नाही. पीक विम्यात शेत जलमय होणे ही स्थानिक आपत्ती धरली जाते, पण २०१८ साली धान त्यातून वगळले गेले. बुडालेल्या धानाचे मोजमाप अवघड, हे त्याचे एक कारण होते. नोव्हेंबर २०२५ मध्ये केंद्र सरकारने ही बाब २०२६ च्या खरिपापासून पुन्हा घेण्याचे जाहीर केले. अट अशी, की नुकसान झाल्यापासून ७२ तासांच्या आत पीक विम्याच्या ॲपवर, जागेची नोंद असलेल्या फोटोंसह, सूचना द्यावी. माझ्या मते, रडारच्या भरवशावर बसून हे तीन दिवस घालवणे हा सर्वांत महागडा आळस ठरेल.

तेव्हा सर्वांत खोलगट बांधीत आजच एक बांबू रोवा आणि त्यावर वीतभर अंतराने रंगाच्या खुणा करा. पाणी चढू लागले की रोज सकाळी त्याचा फोटो घ्या. मागे धुऱ्यावरचे मोहाचे झाड किंवा विहीर दिसू द्या, म्हणजे जागेबद्दल वाद राहत नाही. पाणी उतरल्यावर पानांवर चिखलाची रेघ राहते, ती पावसाने धुऊन जाण्यापूर्वी टिपा. घरातल्या शाळकरी मुलीकडे वही द्या: तारीख, पाणी कितव्या खुणेवर, पीक कोणत्या अवस्थेत. फोनमध्ये ॲप नसेल तर गावातील सहायक कृषी अधिकाऱ्यांना किंवा बँकेत त्याच दिवशी कळवा, आणि कळवल्याची पोच मागून घ्या.