डोळेच नसलेला कोळी: वेरूळसारख्याच काळ्या दगडात राहणाऱ्या या जिवाची गोष्ट काय आहे?

घराच्या कोपऱ्यात कोळी दिसला की आपण झाडू शोधतो. पण जगात एक कोळी असा आहे, ज्याच्यासाठी एका देशाच्या सरकारने शेकडो एकर जमीन महत्त्वाचा अधिवास म्हणून नोंदवली. तो माणसाला काही करत नाही. उलट, तो स्वतःच संपण्याच्या मार्गावर आहे. आणि त्याला डोळे नाहीत.

ही गोष्ट समजून घ्यायला छत्रपती संभाजीनगरपासून सुरुवात करणं सोपं जाईल.

लेणी आणि गुहा यांत फरक काय?

मराठीत दोन वेगळे शब्द आहेत. माणसाने डोंगर कोरून केलेली ती लेणी, निसर्गाने घडवलेली ती गुहा. वेरूळ, अजिंठा किंवा विद्यापीठामागच्या डोंगरातल्या औरंगाबाद लेणी, या सगळ्या छिन्नी-हातोड्याने कोरलेल्या आहेत. दगड मात्र ज्वालामुखीचा. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा थराथराने पसरला, थंड झाला आणि आपला काळा बसाल्ट तयार झाला.

लेण्यांमध्येही कोळी, पाली, वटवाघळं दिसतात. पण हे जीव बाहेरही राहू शकतात. लेणी समोरून उघडी असतात, आत उजेड येतो, उन्हाळ्यात हवा कोरडी पडते. शिवाय सगळ्यात जुनी लेणीही दोन हजार वर्षांच्या आसपासची आहेत.

आता जाऊया पॅसिफिक महासागरात, अमेरिकेच्या हवाई बेटांवर. तिथला दगडही बसाल्टच. फरक इतकाच, की तिथे लाव्हानेच गुहा तयार केल्या. वाहत्या लाव्ह्याचा वरचा थर आधी थंड होऊन घट्ट झाला, आतला गरम लाव्हा पुढे वाहून गेला आणि मागे लांबलचक पोकळ बोगदे उरले. त्यांना लाव्हा ट्यूब म्हणतात. हवाईतल्या काउआई बेटावर कोलोआ नावाचा भाग आहे. तिथल्या अशाच बोगद्यांत हा कोळी राहतो.

तो सापडला कसा?

इतक्या दूरच्या ज्वालामुखी बेटांवर फक्त अंधारातच जगणारे प्राणी नसतील, असाच समज होता. 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला फ्रान्सिस हॉवर्थ या संशोधकाने हवाईतल्या लाव्हा गुहा पिंजून काढल्या आणि तो समज मोडला. 1973 मध्ये विलिस गर्त्श यांनी या कोळ्याचं शास्त्रीय वर्णन केलं. नाव ठेवलं अडेलोकोसा अनॉप्स. अनॉप्स म्हणजे डोळे नसलेला.

गंमत म्हणजे तो लांडगा कोळ्यांच्या कुळातला आहे. या कुळातले कोळी जाळं विणून वाट बघत बसत नाहीत, धावून शिकार पकडतात. त्यांना आठ डोळे असतात आणि नजर तेज असते. त्याच कुळातला हा भाऊबंद मात्र पूर्ण आंधळा.

डोळे गेले कुठे?

'वापरले नाहीत म्हणून गळून पडले' असं नाही. पिल्लं जन्मताना लहानसहान बदल होतच असतात. उजेडात अधू नजरेचा कोळी शिकार गमावतो, तग धरत नाही. मिट्ट काळोखात मात्र नजर अधू असली तरी काहीच बिघडत नाही. उलट डोळे घडवायला लागणारी ऊर्जा वाचते, आणि जिथे खायलाच कमी तिथे ही बचत मोठी. अशा असंख्य पिढ्या गेल्या आणि डोळे नाहीसे झाले. आता तो पायांवरच्या केसांनी कंपनं टिपतो, स्पर्शाने आणि वासाने शिकार शोधतो.

त्याचं शरीर जेमतेम दोन सेंटीमीटरचं. मादी एका वेळी साधारण 15 ते 30 अंडी घालते. बाहेरचे लांडगा कोळी कित्येकदा शंभराहून जास्त घालतात. ही मादी अंड्यांची पिशवी तोंडात धरून फिरते. पिल्लं थोडी, पण आकाराने मोठी. म्हणजे जगण्याची शक्यता जास्त. पण संख्या घटली, तर ती पटकन भरूनही येत नाही.

मग धोका कशाचा?

गुहेत ऊन नाही, त्यामुळे हिरवं काही उगवत नाही. तरी अन्न येतं, ते वरून. जमिनीवरच्या झाडांची मुळं छतातून खाली उतरतात. ती कुजकी मुळं एक छोटा, आंधळा, कोळंबीचा नातेवाईक शोभेल असा प्राणी खातो. हा कोळी त्या प्राण्याला खातो. शिवाय हवेत जवळपास शंभर टक्के ओलावा लागतो, तोही वरून झिरपणाऱ्या पाण्यातून येतो.

म्हणजे वर झाड तुटलं की खाली जेवण बंद. वर काँक्रीट पडलं की खाली पाणी बंद.

आणि कोलोआत नेमकं वरचंच सगळं बदललं. 1835 मध्ये हवाईतला पहिला यशस्वी ऊसमळा इथेच उभा राहिला. नंतर रिसॉर्ट, गोल्फ कोर्स आणि बंगले आले. कीटकनाशकं पाण्याबरोबर खाली झिरपू शकतात. गुहेत कुणी सिगारेट ओढली तरी त्रास, कारण निकोटीन हे मुळात कीटकांसाठी विषच.

हा कोळी आजवर मोजक्याच गुहांमध्ये दिसला आहे. नियमित पाहणी होणाऱ्या गुहेतही एका वेळी तीसच्या पुढे कोळी मोजले गेले नाहीत. 2000 मध्ये अमेरिकेने त्याला संकटग्रस्त जाहीर केलं. 2003 मध्ये 272 एकर क्षेत्र त्याच्यासाठी महत्त्वाचा अधिवास म्हणून नोंदवलं. गुहेच्या तोंडाला दार बसवणं आणि वर स्थानिक झुडपं लावणं, हे त्याला वाचवायचे उपाय आहेत.

आपला काय संबंध?

महाराष्ट्राच्या सीमेला लागून, बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात तळेवाडीजवळ बारापेडे गुहा आहेत. तिथलं रॉटन्स फ्री-टेल्ड नावाचं वटवाघूळ कित्येक दशकं जगात फक्त तिथूनच माहीत होतं. एखादा जीव एकाच ठिकाणावर टिकून असणं, ही काही फक्त हवाईची गोष्ट नाही.

वटवाघूळ निदान रात्री बाहेर उडून जातं. काउआईच्या कोळ्याला तेही शक्य नाही. त्याला वाचवायचं, तर गुहेच्या आत फारसं काही करावं लागत नाही. सांभाळायची आहे ती वरची जमीन, जी त्याला कधी दिसणारही नाही.