विमानाच्या पायातला गंज

आधीच सांगून टाकते, माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालंय. मराठी घरी आणि आता हॉस्टेलवर, एवढंच. त्यामुळे मॅगझिनच्या मराठी विभागासाठी "काहीतरी टेक्निकल दे" असा हुकूम आला तेव्हा मी पहिलंच वाक्य लिहिलं, "विमानालाही जंग लागतो." माझी रूममेट रत्नागिरीची. ती वाचून पलंगावर लोळत हसली. "जंग नाही गं, गंज! जंग हिंदीत!" मग म्हणाली, "आणि गंजाचं तू आम्हाला काय सांगणार? आमच्या गेटला दरवर्षी रंग लावतात. वरून रंग अगदी छान असतो. जरा फुगल्यासारखं दिसतं तिथे बोट दाबलं की आतून नुसता भुगा पडतो."

तिला कल्पना नव्हती, पण माझ्या लेखाचा अर्धा मुद्दा तिने तिथेच सांगून टाकला.

उरलेला अर्धा मला आमच्या लॅबमध्ये कळला, आणि तो जरा लाजिरवाणा आहे. गेल्या सेमिस्टरला आम्हाला डाय पेनिट्रंट टेस्टचं प्रॅक्टिकल होतं. धातूच्या तुकड्यावर लाल रंगाचं पातळ द्रव लावायचं, वीस मिनिटं थांबायचं, वरचा रंग पुसायचा आणि मग पांढरा डेव्हलपर फवारायचा. चीर असेल तर तिच्यात शिरलेला लाल रंग पांढऱ्यावर उमटतो. सोप्पं! पण मेस दीडला बंद होते आणि घड्याळात एक वीस झाले होते. मी सात-आठ मिनिटांतच रंग पुसला. तोही कसा, तर सॉल्व्हंट थेट तुकड्यावर मारून, खसाखसा. पांढरं फवारलं, काही उमटलं नाही. जर्नलमध्ये लिहिलं, "दोष नाही." सही घेतली आणि पळाले. दुसऱ्या दिवशी लॅबमधले काका म्हणाले, "बाळ, त्या तुकड्यात चीर आहे. मीच निवडून ठेवलाय तो. दरवर्षी निम्म्या पोरांना ती सापडत नाही." चीर होतीच, तिच्यातला रंग मीच धुऊन काढला होता.

तेव्हा वाईट वाटलं ते मार्कांचं. पण नंतर विमानाच्या लँडिंग गिअरबद्दल वाचायला लागले आणि लक्षात आलं, की "दिसलं नाही" आणि "नाहीये" या दोन वाक्यांमधल्या फटीत तिथे माणसं बसलेली असतात.

लँडिंग गिअर म्हणजे विमानाचे पाय. चाकं, ब्रेक, धक्का झेलणारा शॉक स्ट्रट, पाय आत-बाहेर करणारे हायड्रॉलिक सिलिंडर आणि हे सगळं जिथे दुमडून बसतं ती पोटातली किंवा पंखातली पोकळी, म्हणजे व्हील वेल. गंजाला याहून आवडती जागा विमानात क्वचितच असेल. विचार करा. पावसात टेक-ऑफ झाला, की धावपट्टीवरचं पाणी, चिखल, टायरचा रबर आणि ब्रेकची पूड अंगावर घेऊन चाकं आत जातात. वर गेल्यावर बाहेर उणे पन्नासच्या आसपास तापमान, आणि व्हील वेलमध्ये केबिनसारखी हवा दाबलेली नसते, त्यामुळे धातू गारठतो. मग तेच विमान जुलैत मुंबईला उतरतं. फ्रिजमधून काढलेल्या बाटलीवर जसं पाणी धरतं तसं त्या थंड धातूवर दव धरतं, आणि हवेत समुद्राचं मीठ असतंच. शेजारी ब्रेक मात्र शेकडो अंशांनी तापलेले! असं एका दिवसात पाच-सहा वेळा. थंड देशांत याशिवाय धावपट्टीवर बर्फ वितळवायला रसायनं टाकतात, तीही उडून इथेच बसतात.

आता हा पाय कशाचा असतो बघा. मोठ्या विमानांत त्यासाठी '३०० एम'सारखं अतिशय मजबूत पोलाद वापरतात. त्याची ताकद साधारण १९०० मेगापास्कल, म्हणजे आपण वर्कशॉपमध्ये कानस घासतो त्या माइल्ड स्टीलच्या चारपटीहून जास्त. वजन वाचतं. पण मजबुतीबरोबर एक खोड येते. माइल्ड स्टील तुटण्याआधी वाकतं, ताणलं जातं, थोडक्यात तक्रार करतं. हे पोलाद तक्रार करत नाही. त्यात एखाद-दोन मिलिमीटरची चीर पडली तरी मोठ्या भाराखाली ते एकदम तुटू शकतं. आणि अशा चिरेची सुरुवात बऱ्याचदा होते कुठून? तर गंजाने पाडलेल्या, टाचणीच्या टोकाएवढ्या खड्ड्यापासून. म्हणून या पोलादावर कॅडमियमचा मुलामा असतो, वर प्रायमर, वर रंग. मुलामा जिथे खरवडला गेला, तिथून खेळ सुरू.

बरं, गंज दिसला की अ‍ॅसिडने साफ करू, असंही चालत नाही. अ‍ॅसिडमधला हायड्रोजन पोलादात शिरतो आणि त्याला आतून ठिसूळ करतो. भाग विमानात बसतो, आणि नंतर कधीतरी भार आला की तडकतो. ओव्हरहॉलमध्ये नवा मुलामा चढवल्यावरही हाच धोका असतो, म्हणून तो भाग १९० अंश सेल्सिअसच्या आसपास जवळजवळ एक दिवस भट्टीत ठेवून हायड्रोजन बाहेर काढतात. अ‍ॅल्युमिनियमच्या भागांवरचा गंज लोखंडी वायर ब्रशने घासायचा नाही, कारण लोखंडाचे कण त्यात रुततात आणि तिथे नवीन गंज धरतो. व्हील वेल धुताना पाण्याचा जोरदार फवारा सांध्यांवर मारायचा नाही. पाणी सीलच्या आत घुसतं, ग्रीस निघून जातं. (आपल्या हॉस्टेलसमोर बाइक धुणाऱ्या मुलांनीही हे वाचावं. चेन का करकरते ते कळेल.)

झीज त्या मानाने प्रामाणिक असते. ती मोजता येते. ब्रेकच्या बाजूने एक छोटी पिन डोकावत असते. ब्रेक दाबून धरायचा आणि पिन किती बाहेर आहे ते बघायचं. ती सपाटीला आली, की ब्रेक संपला. टायरच्या खाचा बघता येतात. शॉक स्ट्रटचा चकचकीत दांडा किती बाहेर आहे, त्यावर ओरखडा आहे का, तेल पाझरतंय का, हे उभ्या उभ्या कळतं. पायावर कात्रीसारखे दोन दांडे असतात, त्यांना टॉर्क लिंक म्हणतात. ते चाकाला सरळ रेषेत ठेवतात. त्यांच्या सांध्यातली बुशिंग झिजली, की सुपरमार्केटच्या ट्रॉलीचं एक चाक जसं थरथरतं तसं विमानाचं चाक थरथरायला लागतं. पण सांधा हाताने हलवून बघता येतो, पिन काढून मापता येते. नवीन ग्रीस भरताना जुनं बाहेर पडतं, त्याच्या रंगावरूनही अनुभवी माणसाला कळतं. तपकिरी आलं, पाणी मिसळलेलं आलं, की समजायचं आत काहीतरी चाललंय.

गंज तसा नसतो. त्याचं सगळ्यात चांगलं उदाहरण म्हणजे २००७ चा सप्टेंबर महिना.

स्कँडिनेव्हियन एअरलाइन्स, म्हणजे एसएएस, या कंपनीकडे बॉम्बार्डियरची क्यू ४०० जातीची पंखेवाली विमानं होती. (हीच विमानं आपल्याकडे स्पाइसजेटने २०११ पासून आणली.) या विमानाचे मुख्य पाय इंजिनाच्या खालच्या कप्प्यात मागच्या बाजूला दुमडतात. ९ सप्टेंबरला कोपनहेगनहून डेन्मार्कमधल्याच आल्बोर्गला निघालेल्या विमानाने उतरण्याआधी पाय बाहेर काढले, पण उजवा पाय लॉक झाल्याचा दिवा लागेना. विमानात ६९ प्रवासी आणि ४ कर्मचारी. शेवटी तसंच उतरावं लागलं. टेकल्यावर उजवा पाय दुमडला, फिरता पंखा जमिनीवर आपटला आणि पात्याचा तुकडा केबिनच्या भिंतीतून आत घुसला. किरकोळ जखमा झाल्या, पण सगळे वाचले. तीनच दिवसांनी, १२ सप्टेंबरला, त्याच कंपनीचं त्याच जातीचं दुसरं विमान लिथुआनियात व्हिल्नियसला तसंच उतरलं. पुन्हा उजवाच पाय! या वेळी मात्र कॅप्टनने उतरण्यापूर्वी उजवं इंजिन बंद केलं होतं. पंखा फिरत नव्हता, त्यामुळे पाती केबिनमध्ये घुसली नाहीत.

काय झालं होतं? पाय वर ओढणारा जो हायड्रॉलिक सिलिंडर असतो, त्याच्या दांड्याच्या टोकाला एक भाग आट्यांनी फिरवून बसवलेला असतो. रॉड एंड म्हणतात त्याला. त्या आट्यांच्या फटीत ओलावा शिरला आणि आटे आतल्या आत गंजत गेले. बाहेरून दांडा ठीक, टोक ठीक, जोडणी जागच्या जागी. पण आत पकडायला आटेच पुरेसे उरले नव्हते. हा सिलिंडर पाय नुसता वर ओढत नाही, खाली सोडताना त्याला धरूनही ठेवतो, बादली विहिरीत सोडताना आपण दोर धरतो तसा. त्या दिवशी टोक दांड्यातून निसटलं, दोर सुटला आणि पाय धाडकन खाली आला. त्या दणक्याने पाय लॉक करणारी यंत्रणाच बिघडली.

दुसऱ्या अपघाताच्या दिवशीच बॉम्बार्डियरने सांगितलं, की ज्या क्यू ४०० विमानांची दहा हजारांहून जास्त लँडिंग झाली आहेत ती तपासणी होईपर्यंत उडवू नका. जगभरातली सुमारे साठ विमानं जमिनीवर आली. गंमत म्हणजे (गंमत हा शब्द इथे बरोबर नाही, पण दुसरा सुचत नाही) २७ ऑक्टोबरला एसएएसचं तिसरं क्यू ४०० कोपनहेगनला पाय नीट न उघडता उतरलं. लगेच सगळ्यांना वाटलं, पुन्हा गंज. पण या वेळी कारण वेगळं होतं. एक सुटा ओ-रिंग हायड्रॉलिकच्या झडपेत अडकला होता. तोवर कंपनीचा धीर संपला होता. दुसऱ्याच दिवशी त्यांनी ही जात कायमची बंद करून टाकली.

त्या आट्यांपर्यंत बॅटरी आणि आरसा घेऊन कोणी कितीही वेळ उभं राहिलं असतं तरी काही दिसलं नसतं. म्हणूनच विमानाच्या तपासणीला पायऱ्या असतात. पहिली नुसत्या नजरेची. प्रत्येक उड्डाणाआधी पायलट आणि टेक्निशियन विमानाला फेरी मारतात ती यातलीच. दुसरी बारकाईची, म्हणजे जागा स्वच्छ करून, चांगल्या उजेडात, आरसा आणि भिंग घेऊन. तिसरी उपकरणांची. पोलादावर मॅग्नेटिक पार्टिकल, रंगाखालच्या चिरेसाठी एडी करंट, जाड भागात अल्ट्रासॉनिक. आणि शेवटी, बऱ्याच प्रवासी विमानांत साधारण दहा वर्षांनी किंवा ठरलेली लँडिंग पूर्ण झाली की, सगळा पाय विमानातून उतरवतात, सुटा करतात, रंग आणि मुलामा काढतात आणि नागवं पोलाद बघतात. खरं उत्तर तेव्हाच मिळतं. अधली-मधली सगळी तपासणी म्हणजे तोवर धोका वाढला नाही ना, याची चाचपणी.

गंजासाठी वेगळा कार्यक्रम असावा, हे विमानवाल्यांना एका मोठ्या ठोकरीनंतर पटलं. २८ एप्रिल १९८८ ला हवाईमध्ये अलोहा एअरलाइन्सच्या बोइंग ७३७ चं, पायाचं नव्हे, छताचंच कातडं हवेत उडून गेलं आणि एक हवाई सुंदरी मरण पावली. त्या विमानाने ८९ हजारांहून जास्त उड्डाणं केली होती, तीही खाऱ्या हवेत. एका प्रवासी बाईला चढताना दरवाज्याजवळ चीर दिसली होती, पण ती कोणालाच बोलली नाही! त्यानंतर गंज शोधून त्याची पातळी ठरवायची पद्धत आली. पहिली पातळी म्हणजे मर्यादेतला, घासून-पुसून, पुन्हा रंग लावून चालणारा गंज. तिसरी म्हणजे ताबडतोब सगळ्या विमानांचा विचार करायला लावणारा. मला यातली आवडलेली गोष्ट अशी, की दरवेळी पहिल्या पातळीपेक्षा जास्त गंज सापडत असेल तर विमानाला दोष देऊन थांबत नाहीत. तपासणीचं वेळापत्रक चुकतंय असं मानतात आणि दोन तपासण्यांमधलं अंतर कमी करतात. समुद्राकाठी, दमट हवेत उडणाऱ्या विमानांना हे जास्त लागू.

आणि हे सगळं करतो कोण? रात्री दोन वाजता, विमान सकाळी सहाला निघायच्या आत, गुडघ्यावर बसून, मान वाकडी करून, बॅटरी दातात धरून एखादा टेक्निशियन. शेवटी परवानाधारक इंजिनिअर सही करतो. त्यालाही घाई असते, भूक लागते, वरचे साहेब घड्याळ दाखवतात. फरक एवढाच, की त्याची मेस दीडला बंद होत नाही.

मी ते प्रॅक्टिकल पुन्हा केलं. काकांनी त्यांच्या जेवणाच्या सुट्टीत लॅब उघडून दिली. पूर्ण वीस मिनिटं थांबले, सॉल्व्हंट कापडावर घेऊन हलक्या हाताने पुसलं, डेव्हलपर लांबून फवारला. पाच-सहा मिनिटांनी भोकाच्या कडेपासून एक बारीक लाल रेघ उमटायला लागली, आधी ठिपके, मग सलग. पट्टी लावली तर ११ मिलिमीटर. जर्नलमधलं "दोष नाही" मी खोडलं आणि शेजारी तारखेसकट नवीन नोंद केली. सरांनी सही दिली. उशिरा सबमिशनचे दोन मार्क गेले.