जुन्या मालमोटारीला दुसरे इंजिन

मालमोटार जुनी होते तेव्हा तिचे सर्व अवयव एकाच वेळी थकत नाहीत. सांगाडा भक्कम असतो, चाके धड असतात; पण इंजिन तेल पिऊ लागते, धूर ओकते आणि चढावर दम टाकते. ज्याची सारी उपजीविका एकाच गाडीवर अवलंबून आहे, त्या मालकापुढे मग प्रश्न उभा राहतो: हिच्यात दुसरे इंजिन बसवावे, तर ते कोणते?

भारतात हा प्रश्न मोठ्या प्रमाणावर उभा राहिला तो दुसऱ्या महायुद्धानंतर. १९४५ साली युद्ध संपले आणि लष्कराने वापरलेल्या फोर्ड, शेव्हरोले, डॉज अशा बनावटीच्या मालमोटारी नागरी वाहतुकीत आल्या. त्यांची पेट्रोलवर चालणारी इंजिने झिजली, तेव्हा अनेक मालकांची दृष्टी डिझेलकडे वळली. पर्किन्स या इंग्रजी कंपनीचे सहा सिलिंडरांचे, ८३ अश्वशक्तीचे ‘पी-सिक्स’ इंजिन अशा बदलासाठी प्रसिद्ध होते. पुढे मद्रासच्या सिम्पसन कंपनीने पर्किन्सची इंजिने देशातच तयार करण्यास आरंभ केला.

डिझेलचे हे आकर्षण सकारण होते. पेट्रोलच्या इंजिनात हवा व इंधन यांचे मिश्रण ठिणगीने पेटते. डिझेलच्या इंजिनात नुसती हवाच इतकी दाबली जाते की ती तापते, आणि तीत फवारलेले इंधन आपोआप पेट घेते. या अधिक दाबामुळे तेवढ्याच इंधनात अधिक अंतर कापले जाते आणि कमी वेगातही ओढ टिकते. रोज लांबचा पल्ला मारणाऱ्या गाडीच्या बाबतीत ही बचत इंजिनाची किंमत फेडून देते. आठवड्यातून दोनदा बाजाराला जाणाऱ्या गाडीला मात्र जुन्याच इंजिनाचे सिलिंडर घासून, नवे पिस्टन व रिंगा घालून घेणे परवडते. तेव्हा निवडीचा पहिला निकष अश्वशक्ती हा नसून गाडीचे काम हा आहे.

दुसरा निकष गाडीच्या उरलेल्या अंगांचा. डिझेलचे इंजिन वजनदार. त्याच्या भाराने पुढचे पाटे दबतात. ते फिरतेही सावकाश. समजा, जुने इंजिन मिनिटाला ३,२०० फेरे घेत होते आणि नवे २,४००च घेते. मागच्या आसातील दंतचक्रे तीच ठेवली, तर ताशी ८० किलोमीटर धावणारी गाडी ६०वरच अडेल. नव्या इंजिनाचा पीळ क्लच व गिअरपेटी यांना सोसला पाहिजे, रेडिएटरने त्याची उष्णता वाहून नेली पाहिजे आणि सहा व्होल्टच्या जुन्या बॅटरीऐवजी त्याला अधिक जोराची बॅटरी मिळाली पाहिजे.

तिसरा निकष सर्वांत महत्त्वाचा, आणि नेमका तोच सहज नजरेआड होतो. पेट्रोलचे इंजिन हवा शोषून घेते तेव्हा त्याच्या नळीत निर्वात निर्माण होतो. कित्येक जुन्या गाड्यांत ब्रेकला जोर मिळतो तो या निर्वातामुळे. बहुतेक डिझेल इंजिनांत असा निर्वात मिळत नाही. त्यासाठी वेगळा पंप बसवावा लागतो. तो बसवला नाही, तर सपाटीवर झोकात धावणारी गाडी भरल्या मालानिशी घाटाच्या उतारावर लागताच चालकाचा पाय ब्रेकवर असूनही आवरत नाही. गाडी ओढणारे इंजिन निवडताना ती थांबेल कशी, हा विचार आधी करावा लागतो.

आज या निवडीला कायद्याचीही चौकट आहे. इंजिनाचा क्रमांक नोंदणीपत्रात लिहिलेला असतो, आणि १९८८च्या मोटार वाहन कायद्यातील ५२वे कलम मूळ तपशिलाशी विसंगत फेरबदलांना मर्यादा घालते. म्हणून परिवहन कार्यालयात चौकशी करायची ती इंजिन विकत घेण्यापूर्वी, नंतर नव्हे. त्याच बनावटीचे, त्याच जातीचे इंजिन पुष्कळदा श्रेयस्कर ठरते, कारण त्याच्याशी गाडीच्या प्रत्येक अंगाचे आधीच जुळलेले असते.

बैलजोडी जुळवताना शेतकरी एकाच बैलाचे बळ पाहत नाही. जू दोघांच्या मानेवर सारखे बसते की नाही, हेही पाहतो. जुन्या गाडीला इंजिन निवडताना हेच शहाणपण उपयोगी पडते.