तलफ आणि निश्चय

सकाळी "आजपासून तंबाखू बंद" म्हणणारा माणूस खोटं बोलत नसतो. दुपारी जेवून उठल्यावर त्याचेच पाय टपरीकडे वळतात. मधल्या काही तासांत मनात काय घडतं हे समजलं, तर घरच्यांचा राग बराच निवळेल, असं मला मनापासून वाटतं.

मिशिगन विद्यापीठातले संशोधक केंट बेरिज यांच्या कामातून दिसलं, की एखादी गोष्ट आवडणं आणि ती हवीशी वाटणं यांच्या यंत्रणा मेंदूत वेगवेगळ्या आहेत. डोपामाइन प्रामुख्याने हवेपणाशी जोडलेलं. व्यसन मुरतं तशी मजा आटत जाते, ओढ मात्र तीव्र होते. म्हणूनच "आता यात काही राम नाही" असं म्हणत माणूस तळहातावर चुना घेतो.

ओढ जागी होते ती खुणांनी: जेवणानंतरची वेळ, पुडीचा वास, शेजारी तंबाखू मळणारा मित्र. त्यात आणखी एक अडचण आहे. अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञ जॉर्ज एन्स्ली यांनी १९७५ मध्ये ती मांडली. लांबून पाहताना आपल्याला निरोगी तोंड मोलाचं वाटतं. पण चिमूटभर तंबाखू हाताच्या अंतरावर आली, की तेवढ्यापुरता तिचा भाव चढतो आणि पसंती उलटते. त्या क्षणी निश्चयाला झुंजायला लावणं म्हणजे त्याला सर्वांत कमकुवत जागी उभं करणं. खरा संयम आधीच वापरायचा असतो: पुडी घरात न ठेवणं, टपरीचा रस्ता टाळणं, मित्रांना आधी सांगून ठेवणं.

परिसराचं बळ किती, हे व्हिएतनाममधून परतलेल्या अमेरिकी सैनिकांत दिसलं. संशोधक ली रॉबिन्स यांच्या अभ्यासात, तिथे हेरॉइनच्या आहारी गेलेल्यांपैकी पहिल्या वर्षात सुमारे ५ टक्केच मायदेशी पुन्हा व्यसनात अडकले. प्रत्येकाला गाव बदलता येत नाही, हे खरं. पण दुपारची बैठक बदलता येते.

एवढं करूनही तलफ येतेच. पहिले काही दिवस जास्त जड जातात. मात्र एकेक तलफ बहुधा काही मिनिटांत चढून उतरते. तेवढा वेळ पाणी पिऊन, चालून, कुणाशी बोलून काढायचा. आणि एखाद्या दिवशी तोल गेलाच, तर मानसशास्त्रज्ञ ॲलन मार्लॅट यांनी दाखवलेला धोका ओळखावा: "मोडलंच ना, मग आता काय!" हा विचार. एका चिमटीपेक्षा तोच माणसाला पुन्हा पूर्ण व्यसनात ओढतो. अशा वेळी घरच्यांनी "कुठल्या वेळी, कुणाबरोबर खाल्लीस?" एवढंच शांतपणे विचारावं आणि उद्याची ती वेळ दोघांनी मिळून आखावी.